महाविद्यालयीन सामने, साथीचे निर्बंध आणि विद्यार्थी स्वयंसेवक : सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पाहते. आमच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन सामने असले की स्वयंसेवक उभे करायचं काम माझ्याकडे येतं. करोनाच्या काळात या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी मला जे प्रश्न विचारले, त्यातले बरेचसे आजही विचारले जातात. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते आहे.

साथ संपून वर्षं झाली. आता हे सगळं कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, हे खरं. पण मे-जून २०२५ मध्ये राज्यात पुन्हा थोडे रुग्ण सापडू लागले, तेव्हा लगेच पालकांचे फोन आले : "मॅडम, पोरीला मैदानावर पाठवू का नको?" त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे आठवणी होत्या, कागद फार थोडे. शिवाय त्या वर्षांत काम केलेले विद्यार्थी आता नोकरीला लागलेत, ते प्रमाणपत्र मागतात. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तयारीसाठी मागच्या वर्षांच्या नोंदी काढायला बसलो, तेव्हा खेळाडूंच्या याद्या सापडल्या, पंचांच्या मानधनाच्या पावत्या सापडल्या. स्वयंसेवकांची यादी मात्र अर्धीमुर्धी, एका पाठकोऱ्या कागदावर. ती यादी पाहिल्यापासून हे लिहायचं मनात होतं.

स्वयंसेवक म्हणजे नेमकं कोण?

सामन्याच्या दिवशी जो खेळाडू नाही, पंच नाही, प्रेक्षक नाही, आणि तरीही सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जातो, तो. चुन्याच्या फक्कीने मैदान आखणारा, मॅटवरचा घाम पुसणारा, गुणफलक बदलणारा, पाहुण्या संघाला कपडे बदलायची खोली दाखवणारा, पाण्याचे जग भरणारा, सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू आणून देणारा, प्रथमोपचाराची पेटी सांभाळणारा. यातले बहुतेक राष्ट्रीय सेवा योजनेचे, काही एनसीसीचे छात्र, आणि काही नुसतेच मित्राला खेळताना बघायला येऊन कामाला लागलेले. या शेवटच्या गटाची नोंद कुठेच नसते. साथीत सगळ्यात जास्त काळजी मला त्यांचीच वाटायची.

नेमकं कधी काय बंद होतं? तारखा मिळतील का?

राज्य सरकारने १३ मार्च २०२० रोजी १८९७चा साथरोग कायदा लागू केला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. सोलापूर शहरात पहिला रुग्ण सापडला तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. जुलैमध्ये शहर पुन्हा दहा दिवस कडकडीत बंद झालं. त्या वर्षी सामन्यांचा प्रश्नच उरला नाही, महाविद्यालयंच बंद होती.

१५ फेब्रुवारी २०२१पासून राज्यात निम्म्या उपस्थितीने वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली. आम्ही मैदानावरचं गवत काढून घेतलं, आणि तेवढ्यात दुसरी लाट आली. ५ एप्रिलपासून 'ब्रेक द चेन'चे निर्बंध. जूनमध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर ठरले आणि प्रत्येक आठवड्याला आपण कुठल्या स्तरात आहोत हे पेपरात बघायचं, असं सुरू झालं. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यात बऱ्याच ठिकाणी मोकळीक मिळाली होती, पण आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूर, माळशिरस, सांगोला, माढा आणि करमाळा या पाच तालुक्यांत पुन्हा कडक निर्बंध लावावे लागले. आमचे निम्मे स्वयंसेवक याच तालुक्यांतले.

दोन्ही डोस घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी २० ऑक्टोबर २०२१पासून महाविद्यालयं उघडली. २७ नोव्हेंबरला राज्याचा नवा आदेश आला, त्याबद्दल पुढे सांगते. मग ओमायक्रॉन. ८ जानेवारी २०२२चा आदेश १० तारखेपासून लागू झाला आणि शहर किंवा जिल्हा पातळीवरची सगळी क्रीडा शिबिरं, स्पर्धा, कार्यक्रम बंद झाले. १ फेब्रुवारीपासून महाविद्यालयं पुन्हा उघडायला परवानगी मिळाली. १ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, राज्यातले सगळे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला.

खेळाडूंना सरावाला परवानगी होती. मग आम्हाला मैदानात का घेत नव्हते?

हा प्रश्न मला एका मुलाने जवळजवळ रडवेल्या आवाजात विचारला होता. केंद्राने १७ मे २०२०च्या आदेशातच क्रीडा संकुलं आणि स्टेडियम उघडायला परवानगी दिली होती, फक्त प्रेक्षक नकोत असं म्हटलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२०च्या मार्गदर्शक सूचनांतही, जिथे अंतर राखणं शक्य आहे तिथे खेळ घ्यायला हरकत नाही असं होतं. म्हणजे कागदावर वाट होती. पण सराव आणि सामना यांत फरक असतो. सरावाला खेळाडू आणि प्रशिक्षक पुरतात. सामना म्हटला की दोन संघ, पंच, गुणलेखक, आणि त्यांच्यामागे पंधरा-वीस पोरं. माणसं कमी करायची म्हटली की आधी कात्री लागते ती या पंधरा-वीस जणांना. नाइलाज होता हे मान्य. पण त्यांना तसं समोर बसवून सांगायला हवं होतं. नोटीस बोर्डावर एक ओळ लावून आम्ही मोकळे झालो, ही चूक माझीही आहे.

नियमांमध्ये 'स्वयंसेवक' हा शब्द कुठे होता का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२७ नोव्हेंबर २०२१च्या आदेशात म्हटलं होतं की कुठल्याही कार्यक्रमाच्या आयोजनाशी संबंधित असलेल्या सगळ्यांचं, आणि त्यात भाग घेणाऱ्यांचं, पाहुण्यांचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं हवं. आयोजनाशी संबंधित म्हणजे स्वयंसेवक आलेच. बंदिस्त सभागृहात क्षमतेच्या ५० टक्के, उघड्या जागेत २५ टक्के माणसं. एकूण माणसं हजाराच्या वर जाणार असतील तर स्थानिक आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला कळवायचं. नियम तोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड, आणि ज्या संस्थेच्या आवारात तो तोडला गेला तिला १० हजार. आम्ही ठरवलं की २५ टक्क्यांचा हिशोब करताना स्वयंसेवकही मोजायचे. काही ठिकाणी फक्त प्रेक्षक मोजत होते. विषाणूला गळ्यातलं ओळखपत्र वाचता येत नाही, तेव्हा मोजायचं तर मैदानावरचं प्रत्येक डोकं मोजायला हवं.

८ जानेवारी २०२२चा आदेश आणखी बोलका आहे. आधीच ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धांना सूट होती, पण अटी होत्या : प्रेक्षक नाहीत, खेळाडू आणि अधिकारी यांच्यासाठी जैव-सुरक्षित कवच (बायो-बबल, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क न येऊ देता एकत्र ठेवणं), दर तिसऱ्या दिवशी त्या सगळ्यांची आरटीपीसीआर किंवा अँटिजेन चाचणी. आता विचार करा. कवचात खेळाडू, कवचात अधिकारी. पाण्याचा जग घेऊन आत जाणारी पोरगी कवचाच्या आत की बाहेर? ती रोज संध्याकाळी घरी जाते, सकाळी रिक्षाने येते. तिची चाचणी दर तिसऱ्या दिवशी करायला कुणी सांगितलेलं नाही. तिच्यापासून खेळाडूला धोका, आणि खेळाडूपासून तिला. नियम लिहिणाऱ्यांनी मुद्दाम वगळलं असं मी म्हणणार नाही. पण जो मोजला जात नाही तो राहून जातो. तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीत एकच गोष्ट मागते : स्वयंसेवकांची नावानिशी यादी सामन्याच्या आधी, संघांच्या याद्यांसोबत एकाच फायलीत.

लसीची अट नेमकी काय होती? आणि अकरावी-बारावीची मुलं?

दुसरा डोस घेऊन १४ दिवस झाले की लसीकरण पूर्ण समजायचे. १८ वर्षांवरच्यांना लस १ मे २०२१पासून खुली झाली, पण आपल्याकडे सुरुवातीला लस मिळवणं म्हणजे पहाटे रांग. त्यात कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर मे २०२१मध्ये १२ ते १६ आठवडे झालं. म्हणजे ऑगस्टअखेर पहिला डोस मिळालेल्या मुलाचं लसीकरण नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत पूर्ण होत नव्हतं. हा नुसता तारखांचा हिशोब होता, पण मुलांना वाटायचं आपल्यालाच डावललं. ऑक्टोबरअखेर 'मिशन युवा स्वास्थ्य' मोहिमेत महाविद्यालयांतच लस द्यायला लागले, तेव्हा गाडी जरा रुळावर आली.

१८ वर्षांखालच्यांना नोव्हेंबरच्या आदेशातून सूट होती, आणि १५ ते १८ वयोगटाला लस मिळाली ती ३ जानेवारी २०२२पासून. सूट होती म्हणून काही ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयाची मुलं सर्रास कामाला घेतली. मला ते पटलं नाही. ज्याला लस मिळालेली नाही त्याला अट लावू नका, एवढाच त्या सवलतीचा अर्थ. त्याला गर्दीत पुढे करा, असं कुणी म्हटलं नव्हतं. एनसीसीने एप्रिल २०२०मध्ये 'योगदान' मोहिमेत छात्रांना मदतकार्यात उतरवलं, तेव्हा १८ वर्षांवरचे, तेही स्वेच्छेने येणारे, अशी अट ठेवली होती. आम्ही तीच अट उचलली.

रुमाल बांधला तर चालायचं का?

नाही. आदेशातच स्पष्ट लिहिलं होतं की रुमाल म्हणजे मास्क नव्हे, रुमाल बांधणाऱ्यालाही दंड होईल. हा मुद्दा सोलापूरकरांना समजावणं अवघड, कारण इथे उन्हातान्हात तोंडाला रुमाल किंवा ओढणी गुंडाळूनच माणूस घराबाहेर पडतो. मास्क घामाने भिजला की बदलायचा, हेही आम्ही प्रत्येकाला दोन-दोन देऊन शिकवलं. फक्की टाकताना चुना उडतो, तेव्हा कापडी मास्क लगेच खराब होतो. आखणीवाल्यांना आम्ही तिसरा देत होतो.

सगळ्या खेळांना एकच नियम का? बुद्धिबळ आणि कबड्डी सारखेच कसे?

नियम एकच होता, धोका एक नव्हता. आणि स्वयंसेवकाचा धोका खेळाडूच्या धोक्याहून वेगळा.

कबड्डी घ्या. चढाई करणारा ३० सेकंद 'कबड्डी कबड्डी' असं स्पष्ट, मोठ्याने म्हणत असतो. म्हणजे जोराने श्वास बाहेर, तोंडावर मास्क नाही, समोर सात जण. त्याची पकड झाली की पाच-सहा अंगं एकमेकांवर. चढाई संपली की मॅटवर घाम सांडलेला, आणि तो पुसायला धावतो आपला स्वयंसेवक, खेळाडू अजून धापा टाकत शेजारी उभे असताना. आम्ही दोन गोष्टी बदलल्या. मॅट पुसायला हातात फडकं घेऊन वाकायचं नाही, लांब दांड्याचा पोछा वापरायचा. आणि पंचांनी इशारा केल्याशिवाय आत जायचं नाही. पंचांनी आधी कुरकुर केली, सामना लांबतो म्हणून. मग त्यांनाच ते बरं वाटू लागलं, कारण घाईत घसरून पडणंही कमी झालं.

खो-खो मोकळ्या हवेत, त्यामुळे जरा निर्धास्त. पण तिथे गुणलेखकाचं टेबल हा घात. दोन्ही संघांचे व्यवस्थापक, वेळाधिकारी, गुणलेखक आणि त्यांना चहा देणारा स्वयंसेवक, सगळे एका टेबलाभोवती डोकी जवळ आणून वाद घालतात. टेबल मोठं करून काही होत नाही. आम्ही टेबलाभोवती फक्कीने रेघ मारली आणि व्यवस्थापकांनी रेघेबाहेरून बोलायचं असं ठरवलं. मैदानावरच्या माणसाला रेघ कळते. सूचनाफलक लावून जे झालं नसतं ते रेघेने झालं.

कुस्तीत मास्क अशक्य. तिथे स्वयंसेवकच कमी करणं हा एकमेव उपाय, आणि प्रत्येक कुस्तीनंतर मॅट पुसून वाळू देणं. बॅडमिंटन, टेबल टेनिस हे खेळ वरवर सुरक्षित वाटतात, पण बंद हॉल, हवा लागू नये म्हणून लावलेल्या खिडक्या. तिथे मी मुलांना तासाभराच्या पाळीने उभं करत असे. क्रिकेटमध्ये चेंडूला थुंकी लावायला आयसीसीने जून २०२०मध्येच बंदी घातली. सवय इतकी जुनी की आमच्या मैदानावर गोलंदाजाला आठवण करून द्यावी लागायची, आणि ते काम सीमारेषेवरच्या पोरांनी आनंदाने केलं.

पाणी, टॉवेल, जेवण याचं काय केलंत?

जग आणि एकच स्टीलचा ग्लास, ही आपल्या मैदानांची जुनी पद्धत पहिल्या दिवशी बंद केली. प्रत्येकाने आपली बाटली नाव लिहून आणायची. टॉवेल कुणाचा कुणी वापरायचा नाही. सोलापुरात टॉवेलची काय टंचाई, एका पालकाने आपल्या कारखान्यातले बारीक दोष असलेले टॉवेल दिले आणि प्रत्येक खेळाडूला, प्रत्येक स्वयंसेवकाला वेगळा मिळाला. जेवणाची पंगत बंद. घरून डबा. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा, दुपारपर्यंत काही बिघडत नाही. जेवताना मास्क उतरतो, म्हणून झाडाखाली लांब लांब बसून जेवायचं आणि जेवताना गप्पा नाहीत. हा शेवटचा नियम मुलांना सगळ्यात जड गेला. स्वयंसेवक होण्यातली निम्मी मजा त्या जेवणातच असते.

फाटकावर तापमान मोजत होते, त्याचा उपयोग व्हायचा का?

थोडाच. ती बंदूक कपाळाच्या कातडीचं तापमान बघते. केगावहून दुचाकीवर उन्हात आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलंच असणार. पहिल्या दिवशी चार धडधाकट मुलांना परत पाठवलं आणि मला रात्रभर वाईट वाटलं. मग सावलीत दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजायला लागलो. लागण झालेल्या अनेकांना ताप नसतोच, हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यापेक्षा 'काल रात्री अंगदुखी होती का, घरात कुणी आजारी आहे का' हे विचारणं जास्त कामाचं, पण विचारणारा विश्वासाचा हवा. खरं सांगितलं तर घरी पाठवतील, या भीतीने मुलं खोटं बोलतात. म्हणून आम्ही आधीच जाहीर केलं : आजारी आहे असं सांगून घरी थांबणाऱ्याची हजेरी लागेल.

मास्क न घालणाऱ्या प्रेक्षकाला दंड करायचा अधिकार स्वयंसेवकाला होता का?

अजिबात नाही. दंड महापालिकेचे किंवा पोलिसांचे लोक करत होते. स्वयंसेवकाने एकदा नम्रपणे सांगायचं, ऐकलं नाही तर शिक्षकांना बोलवायचं आणि बाजूला व्हायचं. तरी मुलांना शिव्या ऐकाव्या लागल्या. एका मुलीला तिच्याच गल्लीतल्या माणसाने घरी जाऊन धमकावलं. त्यानंतर फाटकावर विद्यार्थी एकटा उभा करायचा नाही, शेजारी कुणीतरी शिक्षक हवाच, असं ठरलं.

हमीपत्रावर सही केली नाही तर काम मिळायचं नाही, हे बरोबर होतं का?

माझं स्पष्ट मत : नव्हतं.

तो कागद बऱ्याच जणांना आठवत असेल. 'माझा पाल्य स्वतःच्या जबाबदारीवर येत असून काही झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.' खाली आईवडिलांची सही, कधी अंगठा. मीही असे कागद गोळा केलेत. एकदा एक आई सही करताना म्हणाली, "मॅडम, हे वाचून दाखवा." तिची भाषा तेलुगू, मराठी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं आणि वाचता वाचताच मला कळलं की आपण काय मागतो आहोत. फायदा महाविद्यालयाचा, नाव महाविद्यालयाचं, जबाबदारी मात्र विड्या वळणाऱ्या बाईची.

त्या काळात मी आमच्या विद्यार्थ्यांच्या सामूहिक विम्याचे कागद काढून वाचले. तो अपघाताचा विमा होता. मैदानात पाय मोडला तर मिळेल, आजारपणाला नाही. खासगी प्रयोगशाळेत आरटीपीसीआरचा दर मार्च २०२१अखेर ५०० रुपयांवर आणला होता, डिसेंबरमध्ये ३५० झाला. पण एका घरातल्या पाच माणसांच्या चाचण्या म्हटल्या की तेवढेही जड. म्हणून पालकांकडून कागद घ्यायचाच असेल तर तो माहितीचा घ्यावा : मूल कुठे जाणार, किती वाजता येणार, घरी वयस्कर किंवा आजारी कुणी आहे का, अडचणीत कुणाला फोन करायचा. आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला महाविद्यालयाने लिहून द्यावं की चाचणीचा खर्च आम्ही करू, लागण झाली तर गैरहजेरी धरणार नाही. आम्ही पुढे असा दोन्ही बाजूंचा कागद केला. सही मग पालकांचीही आणि प्राचार्यांचीही.

घरी आजी-आजोबा असतील तर?

तर मैदानावरचं काम मागू नका, आम्हीही आग्रह करणार नाही. शहराच्या पूर्व भागात एका खोलीत यंत्रमाग, दुसरीत सहा-सात माणसं, हे चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. 'वेगळ्या खोलीत राहा' हा सल्ला तिथे लागूच होत नाही. अशा मुलांसाठी आम्ही घरून करायची कामं काढली : गुणपत्रकं संगणकावर भरणं, संघांना वेळापत्रक कळवणं, फोनवरून चौकशी. ही कामं कमी दर्जाची नव्हेत. खरं तर त्या वर्षी सगळ्यात नेमकं काम याच मुलांनी केलं.

खेड्यातून येणाऱ्यांना वेगळे नियम होते का?

लिहिलेले नव्हते, पण त्यांची अडचण वेगळी होती. आपलं विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं असलं तरी करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतची मुलं शहरात येतात. २०२१च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२पर्यंत चालला. म्हणजे महाविद्यालयं उघडली आणि गाड्या थांबल्या. मुलं वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून यायची आणि फाटकावर आम्ही त्यांना सहा फूट अंतर शिकवायचो. मला ते फार खटकायचं. लांबच्या मुलांना त्या दिवसापुरतं मैदानावर बोलावू नये, किंवा बोलावलं तर गाडीची सोय करावी, असं मी सुचवलं. दोन सामन्यांना सोय झाली, बाकीच्यांना नाही.

सामन्यानंतर कुणी पॉझिटिव्ह निघालं तर काय करायचं असतं?

लगेच सांगायचं, आणि फक्त गरज आहे त्यांनाच सांगायचं. नाव व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचं नाही. कुणासोबत उभे होतात, किती वेळ, कुठे जेवलात, ही माहिती शिक्षकांना द्यायची. जानेवारी २०२२च्या केंद्राच्या सूचनेनुसार सौम्य लक्षणं असलेल्याने घरी सात दिवस थांबायचं होतं आणि शेवटचे तीन दिवस ताप नको. त्याआधी ही मुदत दहा दिवसांची होती, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांना दहाच आठवतात.

त्या वर्षांचे तास आणि प्रमाणपत्र मिळेल का?

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर लागतं. सामनेच झाले नाहीत तर त्यांचे तास लागणार नाहीत. पण लसीकरण केंद्रावरची रांग सांभाळणं, मास्क शिवणं, फोनवरची मदत अशी कामं केली असतील आणि तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी नोंदवली असतील, तर ती पुढे आणा. नोंद नसेल तर निदान तारीख, ठिकाण, सोबत कोण होतं हे लिहून द्या. आम्ही दोघांची साक्ष धरून आमच्या महाविद्यालयापुरतं अनुभवपत्र देतो. विद्यापीठाचं प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट, ते माझ्या हातात नाही.

बाहेरच्या देशांत काय केलं?

टोकियो ऑलिंपिकला सुमारे ८० हजार स्वयंसेवक ठरले होते, स्पर्धेआधीच त्यातल्या सुमारे १० हजारांनी माघार घेतली. त्यांना मी अजिबात दोष देत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा फार मोठा कारभार. तिथली पुरुषांची महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १२ मार्च २०२० रोजी रद्द झाली, १९३९मध्ये सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. पुढच्या वर्षी ती सगळीच्या सगळी एका इंडियाना राज्यात भरवली. खेळाडूंना त्यांनी खेळण्याचं एक जादा वर्षही दिलं. आमच्या २०२०च्या तिसऱ्या वर्षाच्या स्वयंसेवकांना असं जादा वर्ष कोण देणार? एक मुलगी तीन वर्षं गुणफलक सांभाळायची. शेवटच्या वर्षी अंतिम सामन्याला उभं राहायचं तिचं राहून गेलं. मे २०२२मध्ये ती सहज भेटायला आली, तेव्हा मैदानावर सराव सामना चालू होता. आम्ही तिला गुणफलकापाशी उभं केलं.

आता सर्दी-तापाच्या दिवसांत सामने असतील तर काय करायचं?

आज सरकारी निर्बंध काही नाहीत. आम्ही आमच्यापुरतं पाळतो ते असं : ताप-खोकला असेल तर यायचं नाही आणि हजेरी बुडणार नाही, ग्लास एकमेकांचा नाही, बंद हॉलमध्ये खिडक्या उघड्या, पोछा लांब दांड्याचा. आणि स्वयंसेवकांची वही. त्यात नाव, वर्ग, घरचा फोन, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम कुठलं.

ती वही कुणाकडे ठेवायची?

क्रीडा शिक्षकांकडे नको, ते मैदानात धावत असतात. माझ्याकडेही नको. गुणलेखकाच्या टेबलावर, गुणपत्रकाच्या शेजारी ठेवा. तिथे दिवसभर कुणीतरी बसलेलं असतं, आणि सामना संपल्यावर गुणपत्रक जिथे जातं तिथे वहीही जाते.